नीरा डाव्या कालव्याची एक दिवसाची सहल : पैसे वसूल, गोष्ट मात्र अर्धीच

माणशी १,८५० रुपये. त्यात सासवडचा नाश्ता, दुपारचं जेवण, दोन चहा, गुऱ्हाळावरचा रस आणि एक छापील नकाशा. पाण्याची बाटली आपली आपण न्यायची. गाडी छोटी बस, एसी आहे म्हणतात. दिवे घाट चढताना चालकाने तो बंद केला आणि जेजुरी मागे पडली तरी लावला नाही. सहल चालवणारे दोघं. एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, त्यांना सगळे 'सर' म्हणतात. दुसऱ्या इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाई. दुकान नाही, पाटी नाही, जाहिरात नाही. नाव छापू नका, गर्दी झाली तर आम्हाला झेपायचं नाही, असं त्यांनीच बजावलंय, म्हणून नाव लिहीत नाही. हडपसर-सासवड भागात विचारलंत तर कुणीतरी नंबर देतं.

विषय आहे नीरा डावा कालवा आणि त्याच्या पाण्यामागे सासवडहून बारामतीकडे गेलेली माळी कुटुंबं. गिरमे, बोरावके, राऊत आणि त्यांचे सोयरेधायरे. इंग्रजी अमलातल्या पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, दुसऱ्याच्या रानात खोप घालून ऊस पिकवायला निघालेली माणसं. मी त्यांच्यातलीच. माहेर माळीनगरचं, सासर हडपसरचं. नोकरीची सगळी वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे मला इतिहास जरा वेगळ्या डोळ्यांनी दिसतो. कुणी 'आमच्या पूर्वजांनी मातीचं सोनं केलं' म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो भांडवल कुठून आणलं हा. हा अभिप्राय त्याच चष्म्यातून वाचावा.

साडेसहाला हडपसरहून निघालो. सासवडची मिसळ बरी, तर्री वेगळी देतात हे चांगलं, चहा पाणचट. नाश्त्यानंतर कऱ्हेकाठी संगमेश्वराच्या पायऱ्यांवर बाईंचं पहिलं व्याख्यान झालं आणि दिवसातलं सगळ्यात चांगलं बोलणं तेच. पुरंदर तालुका पाण्याला तुटका. तरीही सासवडचे माळी कालव्याच्या कितीतरी आधीपासून विहिरीवर, मोटेने बागायत करत होते, थोडाथोडा ऊसही लावत होते. मोटेला बैलजोडी लागते, बैलांना वैरण लागते, मोट हाकणारा आणि दारं धरणारा अशी माणसं लागतात. एवढ्या खर्चाचं पाणी वाया घालवणं परवडतच नव्हतं. एक वाफा किती वेळात भिजतो, उसाला कुठल्या महिन्यात किती दिवसांनी पाणी हवं, पेंडीचं खत कधी टाकायचं, हे या लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. बाईंचं म्हणणं असं की सासवडकरांनी बारामतीला भांडवल नेलं नाही, हे नेलं. मला ते अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्याबद्दल पुढे लिहिते.

जवळच्या खानवडीचाही उल्लेख त्यांनी केला, म्हणजे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं गाव. सरकार पाण्याची पट्टी घेतं आणि शेतकऱ्याला वेळेवर पाणी देत नाही, अशी तक्रार फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये केली आहे. नीरा कालवा सुरू होण्याआधीची ही तक्रार. म्हणजे खडकवासल्याचं पाणी मुठा कालव्याने हडपसर, मांजरीच्या रानात आलं होतं त्या दिवसांतली. आमच्या सासरच्या मळ्यातले म्हातारे याच तक्रारी करत, फक्त साहेबाच्या जागी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचं नाव घेत.

नीरेला पोचल्यावर सूत्रं सरांकडे गेली आणि गाडी जरा रेंगाळली. सरांना भाटघर धरणाबद्दल प्रेम आहे, ते समजण्यासारखं आहे. नीरेची उपनदी वेळवंडी, तिच्यावर भोर संस्थानच्या हद्दीत बांधलेलं पहिलं धरण, त्या जलाशयाला व्हायटिंग नावाच्या इंजिनियरचं नाव. मग त्याच्याच खालच्या अंगाला १९२० च्या दशकात पूर्ण झालेलं मोठं लॉइड धरण, ज्याच्या पाण्यात जुनं धरण बुडालं. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे. ४५ स्वयंचलित दरवाजे कसे आपोआप उघडतात हे त्यांनी हाताच्या पंजांनी करून दाखवलं, दोनदा. भाटघर वाटेवर नाही, त्यामुळे न दिसणाऱ्या धरणाबद्दल पाऊण तास ऐकताना मागच्या रांगेतली मंडळी पेंगली. संयोजकांना सूचना : एवढा भाग गाडीत सांगावा. कालव्याकाठी उभं करून कालव्याचंच सांगावं.

कालव्याचं सांगितलं तेव्हा मात्र सगळे जागे झाले. १८७६ ते ७८ चा दुष्काळ पडला, आणि या भागाला कायमचं पाणी द्यावं म्हणून कालव्याचं काम धरलं आणि १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं. पाणी आलं, आणि घ्यायला माणूस नाही. आज हे कुणाला खरं वाटणार नाही. पण बारामती-इंदापूरचा शेतकरी बाजरी-ज्वारी करणारा. पाऊस झाला तर त्याला पाणी नको, पाऊस हुकला तर एकाच आठवड्यात सगळ्यांना हवं. चांगल्या सालात कालवा रिकामा वाहणार आणि वाईट सालात पुरणार नाही. सरकारला पाणीपट्टी वसूल करायची होती, तीही दर वर्षी. म्हणजे बारमाही पाणी घेणारं पीक हवं, आणि असं पैशाचं पीक ऊस. तो स्थानिकांना नीट येत नव्हता, सासवडकरांना येत होता. सरांनी हे इतकं सरळ मांडलं की त्यांना दरवाज्यांबद्दल माफ केलं.

निंबूत, वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, पणदरे, माळेगाव अशी गाडी पुढे जाते. या पट्ट्यात खिडकीची जागा मिळवाच. कालव्याच्या वरच्या अंगाला माळ, खालच्या अंगाला नदीपर्यंत ऊस. रेघ मारल्यासारखा फरक आहे. माळेगावाच्या अलीकडे एका वस्तीवर उतरवतात. तिथे चिंचेखाली बसवून बाईंनी एका कुटुंबाच्या जुन्या वहीच्या छायाप्रती हातात दिल्या. मोडीतली वही, शेजारी बाळबोध लिप्यंतर. माझ्यासाठी सहलीचे पैसे इथे फिटले.

वही आडत्याकडच्या, म्हणजे गूळ विकून देणाऱ्या दलालाकडच्या खात्याची. एका बाजूला उचल, म्हणजे आगाऊ घेतलेलं : पेंड, गोणपाट, बैल, घरखर्च, मुलीचं लग्न. दुसऱ्या बाजूला गुळाच्या ढेपा, आणि त्यातून वजा होणारं आडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, व्याज. गूळ त्याच आडत्याकडे घालायचा, दुसरीकडे नाही. आता हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर काय दिसलं असतं बघा. अर्जदाराची जमीन नाही. रान खंडाने, म्हणजे भाड्याने घेतलेलं, तेही मुदतीचं. गाव त्याचं नाही, जामीन राहणारा सोयरा त्याच्यासारखाच भूमिहीन. पीक आडसाली, म्हणजे लावल्यापासून तुटेपर्यंत दीड वर्षाच्या आसपास काहीच हातात येत नाही. सगळा खर्च आधी : बेणं, मशागत, करंजाची नाहीतर एरंडीची पेंड, माणसं, पाणीपट्टी, खंड. भाव बाजाराच्या हातात. मी फाइल परत पाठवली असती आणि माझ्या साहेबांनीही.

आडत्याने दिलं. का दिलं हे बाईंनी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही, म्हणून मी तिथेच विचारलं. जमलेल्यांत पुण्याच्या मार्केट यार्डात गुळाचा व्यापार केलेले एक काका होते, त्यांनी उत्तर दिलं. आडत्याला जमिनीत रस नव्हता, त्याला खात्रीने येणाऱ्या ढेपा हव्या होत्या, आणि सासवडकराचा गूळ दरसाल येतो हे त्याला ठाऊक होतं. शिवाय एकाने बुडवलं तर पुढे त्याच्या भावकीतल्या कुणालाच उचल मिळणार नाही, हा धाक. म्हणजे तारण होतं, पण ते सात-बारावर नव्हतं, सोयरिकीत होतं. हे ऐकल्यावर सासवडचे माळी मुली सासवडच्याच माळ्यांत का देत राहिले याचं एक कारण मला कळलं. लहानपणी मला तो नुसता हट्ट वाटायचा.

याला जोडून दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या, त्या राहिल्या. कालव्यावर पुढे ब्लॉक पद्धत आली, म्हणजे ठरावीक रानाला काही वर्षांसाठी पाण्याची मंजुरी. खंडकऱ्याच्या हातात पहिल्यांदाच असं काहीतरी आलं की ते दाखवून पैसे मागता येतील. आणि १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत जी सहकारी बँक निघाली, आजची राज्य सहकारी बँक, तिचा पैसा सहकारी पतसंस्थांमार्फत नीरा कालव्यावरच्या उसापर्यंत पोचला. दौंड-बारामती छोटी रेल्वे १९१४ ची. पाणी, पत, वाहतूक या तिन्ही गोष्टी जुळल्या तेव्हा वसाहत टिकली. 'कष्टाळू समाज' हे स्पष्टीकरण भाषणात ठीक आहे, १,८५० रुपये घेतल्यावर नाही.

चिंचेखालचा दुसरा भाग त्या वस्तीच्या मालकांचा. वय ऐंशीच्या घरात, मराठा कुटुंब, पूर्वी यांच्याच आजोबांनी माळ्यांना रान खंडाने दिलेलं. बाईंनी त्यांना दहा मिनिटं दिली होती. त्यांना तासभर द्यायला हवा होता. माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, आमच्या आज्यानं रान दिलं आन् बांधावर बसून निस्तं बघितलं. सरी कशी काढत्यात, पेंड कवा घालत्यात, चुलाणात जाळ किती. मुदत सरली तवा म्हन्ला, आता आमचं आमी करतो." सगळे हसले. मी नाही हसले, कारण त्या एका वाक्यात माझ्या आज्यांची बिऱ्हाडं उचलली गेली होती. खंड चढत गेला, करार पुढे वाढेनात, जमिनीचा मालकच ऊसवाला झाला. त्यात त्याचंही काही चुकलं नाही. रान त्याचं होतं.

त्याच वेळी जमिनीनेही साथ सोडली. काळ्या, खोल रानात बारमाही पाणी, निचरा नाही. पाणी खालून वर आलं, वर मीठ फुललं. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे नावाच्या सहकाऱ्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींची पाहणी करून १९१० मध्ये अहवाल काढला. कालव्याला तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती. (याच मान साहेबांनी पिंपळे सौदागर गावातल्या जमिनीच्या तुकड्यांचा आणि कर्जाचा बारकाईने अभ्यास करून तो १९१७ मध्ये छापला. माझी भाची तिथे अकराव्या मजल्यावर राहते, तिला सांगितलं तर म्हणाली, तेव्हा पार्किंगला जागा असेल.) सरांनी आम्हाला एक चोपण, म्हणजे मीठ फुलून नापीक झालेलं रान दाखवलं, पांढरी खपली, मधेच कुठेतरी खुरटं गवत. हे दाखवल्याबद्दल त्यांना पूर्ण गुण. गौरवाच्या सहलीत असलं रान सहसा दाखवत नाहीत. माळी रान खराब करून पुढे गेले की खराब झालं म्हणून पुढे गेले, यावर गाडीत वाद झाला आणि सरांनी तो मिटवला नाही, तेही बरंच केलं.

पुढे म्हणजे कुठे, हे नकाशावर एका बाणाने दाखवलंय. गोदावरीच्या कालव्यांवर कोपरगावकडे, मग प्रवरेवर बेलापूर-श्रीरामपूरकडे, मग नीरा उजव्या कालव्यावर अकलूजजवळ. तिथे गुळाचे भाव कोसळलेल्या मंदीच्या काळात, साखरेला संरक्षक जकात मिळाली त्याच १९३२ साली, सासवडच्या माळ्यांनी भागभांडवल गोळा करून स्वतःचा साखर कारखाना काढला, सासवड माळी शुगर फॅक्टरी. गावाचं नाव माळीनगर पडलं. प्रवरानगरचा सहकारी कारखाना त्याच्या नंतरचा, हे कारखानदारीबद्दल बोलणारे पुष्कळ जण विसरतात. सहलीत मात्र हा सगळा प्रवास एका बाणात. सर म्हणाले, एका दिवसात एवढंच बसतं. मान्य. पण सुटलेल्या गावांची नावं तरी छापा. माझ्या आजीचं अख्खं आयुष्य त्या बाणात आहे.

आजीचा विषय निघाला म्हणून सांगते, कारण माझी मोठी तक्रार तीच आहे. दिवसभरात बाईमाणसाचं नाव निघालं ते पाणी भरणं आणि भाकरी या दोन वाक्यांत, आणि तेही इतिहासाच्या बाईंच्या तोंडून. आजी सन-साल सांगत नसे. 'माळेगावला असताना', 'बेलापूरला असताना' असं बोलायची, आणि तिची मुलंही कालव्यांवरून ओळखली जात. पेंडीच्या ढेपी रात्री बडवून बारीक करायचं काम बायकांचं. करंजाच्या पेंडीचा वास केसातून आठवडाभर जात नाही, असं ती सांगायची. बेणं तोडणं, खुरपणी, बांधणी झाली की पाचट आवरणं. गुऱ्हाळ लागलं की चुलाण दिवसरात्र पेटतं, म्हणजे गुळव्या, चुलव्या, चरकावरची माणसं यांचं जेवण दिवसरात्र. आणि बिऱ्हाड हललं की जातं सोडून जायचं, कारण ते बैलगाडीत जड. नव्या जागी पहिले काही दिवस शेजारणीच्या जात्यावर. शेजारीण कोण? ज्यांच्या गावात तुम्ही उपरे आहात ती. तिच्याशी सूत जमवणं हे कुणाच्या वहीत लिहिलेलं नाही, पण वस्ती टिकायला ते पाणीपट्टीइतकंच लागतं.

दुसरी अशीच गळती. धनगरांचे कळप रानात बसवायचे खतासाठी, रामोशी राखणीला, मातंग दोर वळायला, महार-मातंग वस्तीतली माणसं सालाने आणि रोजाने. कालव्यावरचा ऊस या सगळ्यांच्या अंगावर उभा राहिला. माळी आल्यावर यांची मजुरी वाढली का, गावच्या बलुत्यातून सुटका झाली का, की नुसता मालक बदलला? मी विचारलं. बाई म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे, जेवताना बोलू. जेवताना पिठल्याची कृती निघाली.

जेवण मात्र खरोखर चांगलं. बारामतीजवळ एका घरी सांगून केलेलं असतं. बाजरीची भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा, ताक, शेवटी गुळाची दशमी. वाढणाऱ्या काकू दोन वेळा विचारून मगच पुढे जातात. स्वच्छतागृह स्वच्छ, दिवसातलं एकमेव तसं. सासवडनंतर थेट इथेच, म्हणजे बायकांनी आणि मधुमेहवाल्यांनी हिशोब करून पाणी प्यावं. कालव्याकाठी सोय नाही आणि सरांच्या हे लक्षात आल्याचं दिसलं नाही.

जेवणानंतर गुऱ्हाळ. इथे माझं आणि इतरांचं मत वेगळं पडलं. इतरांना रस आवडला, काकवी आवडली, फोटो छान आले. सरांनी रस उकळताना रानभेंडीचा चिकट रस घालून मळी कशी काढतात, पाक झाला हे पाण्यात थेंब सोडून कसं बघतात, ते समजावलं. जुना लाकडी चरक कोपऱ्यात शोभेला ठेवलाय, त्याच्यानंतर आलेल्या किर्लोस्करांच्या लोखंडी चरकाबद्दलही सांगितलं. पुंड्या ऊस किती गोड नि मऊ होता, मग कोइमतूरचा ४१९ आला, पाडेगावच्या संशोधन केंद्रात १९३२ पासून काय काय झालं, हेही. सगळं बरोबर. पण रस उकळायच्या काहिलीपाशी जो माणूस उभा होता त्याच्याशी कुणी बोललं नाही.

गुळव्या पश्चिम उत्तर प्रदेशातला. मी बँकेत शिकलेल्या हिंदीत विचारत गेले. गुऱ्हाळ त्याचं नाही, हंगामापुरतं भाड्याने घेतलेलं. माणसं त्याच्याच गावची, आगाऊ पैसे देऊन आणलेली. ऊस रोखीने घेतो, गूळ एकाच व्यापाऱ्याला घालतो, कारण हंगामाच्या सुरुवातीची उचल त्याचीच. पत्र्याच्या खोलीत बायको आणि दोन मुलं. मोठी मुलगी भावाला सांभाळते, शाळा नाही. गूळ कसा करायचा हे मालकाला येतं का, विचारलं. म्हणाला, मालकाचा पोरगा रोज येऊन बघतो. सकाळी चिंचेखाली मोडीतल्या वहीची छायाप्रत ज्यांनी जपून पिशवीत ठेवली, ती मंडळी त्याच्याकडे पाठ करून रस पीत होती. मी बाईंना हाक मारून बोलावलं. त्या आल्या, त्यांनी नीट ऐकलं, वहीत टिपूनही घेतलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. पुढच्या खेपेला तिथे वीस मिनिटं ठेवू म्हणाल्या.

गूळ घ्यावा का? घ्यावा, पण पिवळाधमक नको, तपकिरी घ्या. 'केमिकलविरहित' हा शिक्का बघून जास्त पैसे देऊ नका, बोटाने कण फोडून चाखा. खारट लागला तर रान खारवट आहे एवढं समजा आणि दुसरी ढेप मागा. मी पाच किलोची घेतली, भाव बाजारापेक्षा थोडा जास्त, चव चांगली.

परतीची वाट मोरगाव, सुपे, चौफुला. सुप्याला गाडी पाच मिनिटं थांबते. १२ मे १८७५ रोजी इथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळायला सुरुवात केली आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. खरं म्हणजे हा थांबा सकाळी हवा. जमीन गहाण टाकून बुडालेला गावकरी आणि दहा वर्षांनी त्याच मुलखात जमीनच नसताना उचल मिळवणारा सासवडकर, हे दोघं शेजारी ठेवले तर सगळ्या दिवसाला अर्थ येतो. संध्याकाळी, चहा प्यायल्यावर, खिडकीतून बघत ते हाती लागत नाही. सरांशी हे बोलले. रस्ता उलटा केला तर गुऱ्हाळ सकाळी येतं आणि तेव्हा पहिली काहील उतरायची असते, अशी त्यांची अडचण. विचार करतो म्हणाले.

नकाशाबद्दल : कागद जाड, छपाई स्वच्छ, कालवा निळा, गावं अचूक. घडी घालून पर्समध्ये मावतो. मात्र मूळच्या गावठाणांपेक्षा माळ्यांच्या वस्त्या ठळक, आणि भाटघरच्या पाण्याखाली गेलेल्या रानांचा उल्लेखच नाही. आमच्या उसाचं पाणी कुणाच्या तरी भातखाचरात उभं आहे, ते नकाशात दिसायला काय हरकत आहे?

पाच पैकी साडेतीन. सरांना चार, बाईंना साडेतीन, चालकाला दोन, जेवणाला पाच.

डिसेंबर ते फेब्रुवारी याच काळात जा, तेव्हा गुऱ्हाळं चालू असतात आणि ऊन सोसतं. दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, गुऱ्हाळ सोडून त्यांना काही नाही आणि तिथे काहिलीची भीती. गुडघे दुखणाऱ्यांना कालव्याचा भराव चढणं एकदाच आहे, बाकी सपाट. चिंचेखालच्या आजोबांना प्रश्न विचारायचे असतील तर पुढे बसा, त्यांना ऐकू कमी येतं. माळीनगरची दोन दिवसांची सहल काढायचं चाललंय. मी नाव दिलंय, आणि तिथल्या आमच्या चुलत घराण्यातल्या दोन म्हाताऱ्यांशी बोलून ठेवलंय की या वेळी बायका बोलतील. आगाऊ पाचशे घेतात, रद्द केलं तर परत मिळत नाहीत, पण आपल्या जागी दुसऱ्याला पाठवता येतं.